फरक एका टिंबाचा
मूरकोप! हॉलंडच्या बेकरीतला हा गोळा दिसला की डाएट गेलं खड्ड्यात. आत फेटलेलं क्रीम, वरून चॉकलेटचा चकचकीत थर, टोकाला पुन्हा क्रीम. पण नावाचा अर्थ माहितीये? 'मूर माणसाचं डोकं'! मूर म्हणजे मूळचे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान; पुढे युरोपात कुठल्याही काळ्या माणसाला हाच शब्द चिकटला. २०२० मध्ये 'हेमा' या डच दुकानसाखळीनं पाटी बदलली, 'शोकोलादेबोल', म्हणजे साधा चॉकलेटचा गोळा. झालं, 'आमची परंपरा गेली' म्हणून ओरड सुरू! अरे, चव तर तीच आहे ना? नाव ठेवणं आणि नावं ठेवणं, फरक एका टिंबाचाच असतो बॉस. ज्याच्या रंगावरून नाव पडलं, त्यालाही तो गोळा मजेत खाता यायला हवा.