घोंगडीतला वाघ

रहिमतपूर स्टेशनावर मिरजेकडं जाणारी पॅसेंजर धरली की कराड, किर्लोस्करवाडी मागं टाकून भिलवडी येतं. औदुंबरच्या दत्ताला जाणारी मंडळी तिथं उतरतात. त्या औदुंबरला खेटूनच अंकलखोप आहे, आणि अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे म्हणजे आपल्या देशातल्या सर्कशीचे मूळपुरुष. कुरुंदवाडच्या संस्थानात घोड्यांची पागा सांभाळणारा हा माणूस. मुंबईत कियारिनी या इटालियनाची सर्कस त्यांनी पाहिली आणि १८८० साली स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुढं म्हैसाळच्या देवलांचाही तंबू गाजला. सर्कस ही कृष्णाकाठची चीज आहे, असं मी सांगते तेव्हा त्यात थोडी फुशारकी असते, पण खोटं नसतं.

म्हणून सूनबाईनं अडीच वर्षांच्या नातीसाठी सर्कशीच्या चित्रांचा, प्लॅस्टिकच्या सिंहांचा महागडा संच मोबाइलवर दाखवला, तेव्हा मी म्हटलं, “अगं, थांब जरा. तंबू कपाटातच आहे.”

दोन खुर्च्यांच्या पाठींवर माझं जुनं नऊवारी पसरलं की तंबू झाला. समोर खडूनं एक मोठा गोल काढायचा. खऱ्या सर्कशीचं रिंगण ४२ फुटांचं असतं. इंग्लंडातल्या फिलिप अ‍ॅस्टली या घोडेस्वारानं हे माप रूढ केलं. तेवढ्या गोलात घोडा दौडला की आतल्या बाजूला झुकतो आणि त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल साधतो. आमच्या सोप्यात सात-आठ फूट मिळाले तरी पुष्कळ. पण गंमत बघा, पोरगी त्या गोलावरून पळायला लागली की कुणी न सांगता आत कलते. तोल राखायचं यंत्र कानाच्या आत असतं, त्याला असा सराव मिळाला की तोल पक्का होत जातो. वारीतलं रिंगण बघितलेल्या आम्हा सातारकरांना गोल धावण्यातली मजा वेगळी सांगायला नको.

मग तारेवरची कसरत. जमिनीवर सुती दोरी सरळ टाकायची. या वयाची मुलं दोरीच्या दोन्ही बाजूंना फताडे पाय टाकत चालतात. तसंच चालू द्यावं, पावलापुढं पाऊल नंतर येतं. ते साधलं की गोधडीची वळकटी. ती पायाखाली दबते, त्यामुळं घोट्याला काम पडतं. इथं एक पथ्य मी कसोशीनं पाळते: मुलाचा हात आपण धरायचा नाही, आपलं बोट पुढं करायचं. नको वाटलं की ते त्याला सोडता येतं.

चेंडू झेलणं या वयात जमत नाही, उगाच रडारड होते. त्यापेक्षा पातळ ओढणी उडवावी. ती तरंगत खाली येते, डोळ्यांना आणि हातांना सावकाशीनं गाठ घालायला वेळ मिळतो. मोठ्यांना झेलाझेलीची कला शिकवतानाही असे रुमाल घेतात. फुगे मात्र आमच्या सर्कशीत बंद. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकला तर जिवावर बेततं. तसंच हळकुंडं, सुपाऱ्या, चिंचोके. आमच्या भागात हळकुंडं घरोघर, पण मोजामोजीचा खेळ खेळायचा तर बटाटे घ्यावेत.

आता वाघ. वाघ, सिंह, अस्वलं, माकडं यांचे खेळ करायला सरकारनं १९९८ साली बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. तंबूवाल्यांचं पोट त्यात मारलं गेलं हे खरं, तरी झालं ते बरंच झालं. आमच्याकडं घोंगडी पांघरलेले आजोबा आहेत. रिंगमास्तर नात. “वाघोबा, बश!” आजोबा बसतात. “उठ! हळू चाल! झोप!” दिवसभर ज्या पोरीला ‘हे करू नको, तिकडं जाऊ नको’ ऐकावं लागतं, तिचा शब्द आख्खा वाघ झेलतो. नवनवी क्रियापदं तिच्या तोंडी इथंच आली. ‘सरपट’ हा हुकूम ऐकल्यावर वाघानं मात्र कंबर धरली.

एकच गोष्ट मला खटकते. पाहुणे आले की लगेच, “दाखव गं, सर्कस करून दाखव,” आणि चार मोबाइल पुढं. पोरगी आईच्या पदरात तोंड खुपसते. मुलांना सर्कशीत कामाला ठेवू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली दिला. घरातल्या बैठकीला तो कोण लावणार? मग मीच नियम केला. आमच्या तंबूत प्रेक्षक घेत नाहीत. ज्याला सर्कस बघायची असेल त्यानं फोन फळीवर ठेवायचा आणि हत्ती व्हायचं. गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांसाठी जोकराची जागा रिकामी असते.