रोख्यामागे पाहण्याचा अधिकार

राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरणे म्हणून जी ठेवली जातात, त्यांत बँका आणि वित्तसंस्थांच्या थकीत कर्जांचा भरणा मोठा असतो. या शनिवारच्या अदालतीसाठीही तशाच नोटिसा घरोघर पोचल्या आहेत. त्यांत कर्जखात्याचा क्रमांक, येणे बाकी, तारीख आणि तडजोडीसाठी हजर राहण्याची सूचना एवढे असते. कर्जदाराला मोफत वकील मिळू शकतो, ही ओळ ठळकपणे क्वचितच दिसते.

टेबलाच्या एका बाजूला संस्थेचा वसुली अधिकारी आणि वकील असतात, दुसऱ्या बाजूला कर्जदार एकटा. बाकीचा आकडा संस्थेच्या खातेउताऱ्यातून येतो. त्यातले व्याज किती, दंड किती, विम्याचा हप्ता कोणी आणि कधी लावला, हे विचारायला कर्जदाराच्या बाजूचे कोणी नसते. तडजोडनाम्यावर सही झाली की विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 नुसार तो निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि त्यावर अपील चालत नाही. सही नाकारता येते. तडजोड झाली नाही तर लोकअदालत स्वतः निकाल देऊ शकत नाही, पक्षकारांना न्यायालयाचा रस्ता मोकळा राहतो. हे सहीपूर्वी सांगणे हेच गोरगरिबांच्या कायदेशीर मदतीचे पहिले काम आहे, आणि नेमके तेच होत नाही. निकाली प्रकरणांच्या संख्येवर यश मोजण्याची सवय याला जबाबदार आहे, हे या स्तंभात अनेकदा लिहून झाले आहे. पुन्हा लिहिण्याची गरज संपलेली नाही.

दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाला याहून नेटके उत्तर दिले गेले होते. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि दंगा पुणे-अहमदनगर भागात पसरला. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे, खतावण्या, हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. चौकशी आयोगानंतर 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी केलेल्या या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यामागे पाहण्याचा अधिकार दिला. सही आहे म्हणून रक्कम मान्य, असे चालत नसे. मूळ हातात किती पैसे पडले, व्याज कितीदा मुद्दलात मिळवले गेले, परतफेड किती झाली, असा व्यवहाराचा सगळा इतिहास तपासून हिशेब नव्याने मांडायचा असे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जाई. कर्जापोटी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. सर्वांत मोलाची तरतूद फारशी कोणाच्या स्मरणात नाही: समोरच्या बाजूने वकील उभा असेल आणि शेतकऱ्याला वकील देण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या संमतीने न्यायाधीश त्याला वकील देऊ शकत असे. या कायद्याखालच्या न्यायालयांवर देखरेख करण्याचे काम पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून केले.

कायद्यात पळवाट निघालीच. गहाणखताचा हिशेब न्यायालय उकरते म्हटल्यावर सावकार थेट खरेदीखत करून घेऊ लागले. मग 1907 मध्ये दुरुस्ती होऊन, खरेदी दिसणारा व्यवहार मुळात गहाण होता हे दाखवण्याची मुभा मिळाली.

ती पळवाट आजही तशीच वापरात आहे. दोन लाखांची गरज असलेला शेतकरी दुय्यम निबंधकासमोर जमिनीचे खरेदीखत करून देतो, पैसे फेडल्यावर जमीन परत मिळेल हे फक्त तोंडी ठरते, आणि फेरफार होऊन सातबारावर सावकाराचे नाव चढते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 चे कलम 18 अशा व्यवहारासाठी आहे. सावकारीच्या ओघात 15 वर्षांच्या आत गेलेल्या स्थावर मालमत्तेबाबत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. सावकारी सिद्ध झाली तर ते खत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश देऊ शकतात. जमिनीचा ताबा अजून शेतकऱ्याकडेच आहे का, खतातली किंमत रेडी रेकनरच्या दरापेक्षा फारच कमी आहे का, त्याच माणसाच्या नावे आसपास अशीच किती खते आहेत, कोरे धनादेश घेतले होते का, अशा गोष्टींवर अर्जाचा जोर असतो. त्या जमवणे एकट्या शेतकऱ्याला झेपत नाही. तिथे कागद कुठून काढायचा हे माहीत असलेला पॅरालीगल स्वयंसेवक लागतो.

परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्के अशी व्याजमर्यादा आहे. वित्तसंस्थांना ही मर्यादा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बिगर-बँकिंग वित्तसंस्थांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दिला. एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत मायक्रोफायनान्ससाठी व्याजाची ठरावीक कमाल मर्यादा नाही. मात्र कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, आणि कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे, असे बंधन आहे. गटातल्या बाईला एकाच महिन्यात तीन संस्थांचे हप्ते येत असतील, तर पहिला प्रश्न या 50 टक्क्यांचाच विचारायला हवा.

तो विचारणारा वकील तिला मिळवून देण्याची सोय कायद्यात आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, आणि ही समिती तालुक्याच्या न्यायालयातच असते. लोकअदालतीच्या दिवशी प्रत्येक वसुली टेबलाशी कर्जदाराच्या बाजूने पॅनेलवरचा एक वकील बसवायला नव्या कायद्याची गरज नाही, समितीच्या एका आदेशाने ते होऊ शकते. नोटिशीवर कलम 12 ची ओळ मोठ्या अक्षरांत छापणे त्याहूनही सोपे आहे, आणि ते पुढच्या अदालतीपूर्वी व्हायला हवे.