चष्मा काढला, पुढं काय?

वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर चष्मा चालत नाही, हा नियम मला मान्य आहे. वेगानं खाली येताना फ्रेम भुवईत घुसेल, भिंग निसटून मागच्या पोराच्या पायाखाली येईल. पण पोराचे डोळे काढून घेतल्यावर त्याचं पुढं काय करायचं, हे ठरवायचं काम कुणाचं? पार्कवाला म्हणतो आईबापाचं. आईबाप वडापावच्या रांगेत.

सीमाभागातल्या आमच्या कोगनोळीतून महामार्गानं कोल्हापूरकडं जा नाहीतर बेळगावकडं, मे महिन्यात या पार्कांच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत. अशाच एका ठिकाणी भाचीला घेऊन गेलो. वय नऊ, नंबर मायनस पाच. जिना चढून वर पोचलो, तर तिथला पोरगा म्हणाला, "ओ काका, चष्मा काढाय लावा तिला." ठेवायचा कुठं? "खाली लॉकर हाय की." लॉकर कपडे बदलायच्या खोलीत, पार दुसऱ्या टोकाला. मागं रांग ओरडायला लागली. शेवटी चष्मा माझ्या ओल्या मुठीत आणि पोरगी एकटी नळीत. मी जिना उतरून येईपर्यंत ती हौदाच्या भलत्याच कडेला चाचपडत होती आणि कुणा परक्याच माणसाला "मामा, मामा" म्हणत होती. त्याच्या अंगात माझ्यासारखाच निळा टी-शर्ट होता, एवढंच.

मायनस पाच म्हणजे काय, हे पार्कवाल्यांना कुणीतरी सांगा. शंभराला नंबरानं भागायचं. उत्तर 20 सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. त्या पोरीला वीतभराच्या आतलं स्पष्ट दिसतं, पलीकडं सगळा धुरळा. पाण्याच्या खोलीचा आकडा त्या धुरळ्यात, आणि शिट्टी मारून हात हलवणारा जीवरक्षकही तिथंच. "चष्मा काढून ठेवा" ही पाटीसुद्धा चष्मा असल्याशिवाय वाचता येत नाही! पाटी कानडीत की मराठीत, यावर आम्ही सीमाभागातली माणसं 1956 पासून भांडतोय. चष्मा काढलेल्या पोराला दोन्ही भाषा सारख्याच, पत्र्यावर सांडलेला रंग. 2021 साली आमच्या कोगनोळी नाक्यावर करोनाचा दाखला तपासायला पोलिसांचा ताफा उभा होता. पार्कच्या दारात तिकीट तपासतात, पिशवीतला डबा तपासतात, पोराला दिसतं किती हे विचारायला माणूस नाही.

गंमत म्हणजे याच पोरांना डॉक्टर सांगतात, घराबाहेर खेळा. ते उगाच सांगत नाहीत. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांना रोज 40 मिनिटं जादा उघड्यावर ठेवलं, आणि तीन वर्षांत मायनस नंबर लागण्याचं प्रमाण 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के राहिलं. 2015 साली हा अभ्यास छापून आला. म्हणजे आपण पोराला बाहेर काढायचं आणि बाहेरच्यांनी त्याला आंधळं करून हौदात सोडायचं.

घरची मंडळीही काही कमी नाहीत. "एक दिवस नाही घातला तर काय बिघडतं?" हे विचारणारे काका स्वतःचा वाचायचा चष्मा सापडला नाही तर अख्खं घर डोक्यावर घेतात. दुसरे हुशार चष्मा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते आणि भिंगावरच्या कोटिंगला बारीक जाळीदार तडे जातात. मग "एवढा महागाचा घेतला होता" म्हणून बोलणी पोरालाच. तिसऱ्यांची युक्ती आणखी घातक, कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात पाठवायचं. पाण्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकला तर बुबुळाला जखम करतो, दृष्टी जाऊ शकते.

उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत. नंबरचे पोहायचे गॉगल मिळतात, दोन डोळ्यांना वेगळा नंबर असला तरी मिळतात. सिलिंडर नंबर त्यात सहसा नसतो, पण वीतभराची दुनिया बरीच मोठी होते. घसरगुंडीवर तेही चालत नसतील, तरी लाटांच्या हौदाला काय हरकत आहे? चष्मा विकताना गॉगलचं नाव काढणारा दुकानदार मला तरी भेटलेला नाही. पार्कवाल्यांनी घसरगुंडीच्या तोंडाशी कप्प्यांची एक फळी ठोकावी, आणि तिथला चष्मा पोराच्या आधी खाली पोचवायला एक माणूस ठेवावा. चष्मा काढलेल्या पोराच्या मनगटाला पिवळी पट्टी बांधावी, म्हणजे शिट्टी ऐकूनही ते भलतीकडं का जातंय, हे जीवरक्षकाला कळेल. बर्गरच्या गाड्यावर जेवढं लक्ष आहे, त्याच्या निम्म्यात हे होतं.

तोवर तुम्ही एवढं करा. तिकिटाच्या खिडकीशी पैसे देण्याआधी विचारा, "पोराचा चष्मा कुठं ठेवायचा आणि खाली त्याला कोण धरणार?" उत्तर आलं नाही, तर पाकीट खिशात घाला आणि गाडी वळवा.