मैदान उघडणारा माणूस पाहिजे



यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे खेळासंबंधी एक सूचना येत आहे. कारखान्याच्या नावाने प्रकाशझोतातली कबड्डी स्पर्धा भरवावी, पहिले बक्षीस घसघशीत ठेवावे, बाहेरचे नामांकित संघ बोलवावेत आणि खर्च सभासद कल्याण निधीतून करावा, अशी ती सूचना. सूचना मांडणारी मंडळी तरुण आहेत, त्यांचा हेतूही चांगला आहे. तरी आमचे मत वेगळे आहे आणि ते सभेच्या आधीच सांगून टाकलेले बरे. सभेत काय, माईक हातात येईपर्यंत जेवणाची वेळ झालेली असते!

आमचे म्हणणे थोडक्यात असे. हा पैसा एका रात्रीत उडवू नये. त्यातून प्रत्येक गटात एक मैदान करावे आणि ते मैदान रोज चालवणारा संघ उभा करावा. स्पर्धा हे पीक आहे. आधी रान तयार पाहिजे.

मागच्या महिन्यात कामानिमित्त पुण्याला साखर संकुलात जाणे झाले. काम लवकर उरकले, म्हणून संध्याकाळी मुद्दाम टिळक रोडकडे पाय वळवले. तिथे महाराष्ट्रीय मंडळाचे आवार आहे. १९६८ साली आम्ही शिक्षणासाठी पुण्यात राहत होतो, तेव्हा या भागातली मैदाने संध्याकाळी पोरांनी फुललेली असायची. पेठेतल्या एका संघात आम्ही खो-खो खेळायला जात असू. खेडेगावातून आलेले, अंगात नेमका एकच सदरा, बोलायला लाजणारे असे आम्ही. पण मैदानावर कुणी जात विचारली नाही की जमीन किती हेही विचारले नाही. एवढेच विचारले, "उद्या येणार ना?"

हा प्रश्न विचारणारा माणूस कोण, हे सांगतो. तो काही मोठा खेळाडू नव्हता. कुठल्याशा कचेरीत कारकून होता. रोज साडेपाचला यायचा, खोलीचे कुलूप काढायचा, पाणी मारायचा, फक्कीने रेषा आखायचा, दोन्ही खांब हलवून बघायचा आणि वही उघडून हजेरी घ्यायचा. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की आम्हाला बसवून नियम समजावून द्यायचा. आम्ही पुण्यात होतो तितकी वर्षे त्याचा खाडा झालेला आम्हाला आठवत नाही. आमच्या संघाने ढाली किती जिंकल्या ते आज सांगता यायचे नाही. त्याच्या किल्लीचा आवाज मात्र अजून कानात आहे.

पुणे शहराने देशी खेळांसाठी जे केले ते अशाच माणसांच्या जोरावर. १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. आज सगळा भागच त्या नावाने ओळखला जातो. खो-खो हा गल्लीबोळातला, गावोगावी वेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खेळ. त्याला नियमांत बसवण्याचे काम १९१४ च्या सुमारास याच जिमखान्यात सुरू झाले. याच जिमखान्याच्या शर्यतींमध्ये अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून, तेव्हा अध्यक्ष असलेल्या सर दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला. १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. ना बूट, ना खुराक, अशा काळातली ही गोष्ट.

पुढे १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढले. व्यायामशाळेपासून सुरुवात झाली आणि पुढे शाळा, मैदाने असे करत करत शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयापर्यंत संस्था वाढली. त्या महाविद्यालयाला चंद्रशेखर आगाशे यांचे नाव आहे, म्हणजे साखरधंद्यातल्याच माणसाचे. ऊस आणि मैदान यांचे नाते असे जुने आहे. शहरातल्या तालमींचेही तसेच. चिंचेची तालीम घ्या, गुलशे तालीम घ्या. तिथली माती रोज कुणीतरी उकरली, भिजवली, म्हणून पुढे तिथे पैलवान घडले.

कबड्डीची वाटचालही काही एका रात्रीत झालेली नाही. आपला हुतुतू १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला नेऊन दाखवला. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडमध्ये त्याचे प्रदर्शनी सामने झाले आणि १९९० साली बीजिंगला तो पदकाचा खेळ झाला. मधली चोपन्न वर्षे काय चालले होते? गावोगाव संघ नोंदवणे, पंच तयार करणे, नियमांची पुस्तके वाटणे, एसटीच्या टपावर सामान टाकून संघ घेऊन फिरणे! शंकरराव तथा बुवा साळवी यांनी उभी हयात यात घातली. त्यांचा जन्मदिवस १५ जुलै महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात, तो उगाच नव्हे.

आता कुणी म्हणेल, "आवं, ते जुनं झालं. आता पैसा हाय खेळात. मोठं बक्षीस ठेवल्याबिगर पोरं येत्यात व्हय?"

पैशाला आमचा विरोध नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, त्यामुळे खेड्यातल्या पोरांच्या घरात चार पैसे आले, ही आनंदाची गोष्ट आहे. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने अंतिम सामना २८-२५ असा जिंकला, तेव्हा आमच्या घरात आम्ही आणि आमची नात दोघेही टीव्हीपुढे उभे राहून ओरडत होतो. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार शेजारच्याच नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. गुडघा मोडलेल्या खेळाडूला नुसत्या टाळ्या काय कामाच्या, हेही आम्हाला कळते. पण एक ध्यानात घ्या. टीव्हीवर दिसतो तो खेळाडू त्याआधी दहा-बारा वर्षे कुठल्या तरी गावच्या मैदानात राबलेला असतो. ती दहा-बारा वर्षे कोण सांभाळणार? लिलाव करणारे तयार खेळाडू नेतात. काट्यावर आलेल्या उसाचे वजन होते, पण बेणे कुणी लावले ते काटा सांगत नाही.

इथे परदेशातले एक उदाहरण देतो. आयर्लंड नावाचा लहानसा देश आहे, तोही इंग्रजांच्या अमलाखाली होता. तिथे १८८४ साली थर्लेस गावात मायकेल क्युसॅक नावाचे शिक्षक आणि त्यांचे सोबती एकत्र आले आणि आपले देशी खेळ टिकवण्यासाठी त्यांनी संघटना काढली. वाकड्या टोकाच्या काठीने आणि लहान चेंडूने खेळायचा हर्लिंग हा त्यांचा जुना खेळ, आणि दुसरा त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल. आज या संघटनेचे दोन हजारांहून अधिक क्लब आहेत. राजधानी डब्लिनमध्ये क्रोक पार्क हे त्यांचे स्वतःचे मैदान आहे, त्यात ८२ हजार माणूस बसते. आणि नवलाची गोष्ट ऐका. एवढ्या गर्दीपुढे अंतिम सामना खेळणाऱ्याला खेळाचा पगार नाही! कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी सुतार. आठवडा उजाडला की जो तो आपल्या कामावर. माणूस सहसा आपल्या गावच्याच क्लबकडून खेळतो, आणि खेळणे संपले की तोच पोरांना शिकवतो, मैदानाचे गवत कापतो, फाटकावर तिकिटे फाडतो.

याच देशात, लिमेरिक परगण्यातल्या ड्रोमकॉलोहर गावी १८८९ साली शेतकऱ्यांची पहिली सहकारी दूध डेअरी निघाली. म्हणजे सहकार आणि खेळाचा संघ पाच वर्षांच्या अंतराने एकाच मातीत उगवले. आम्हाला यात आश्चर्य वाटत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि पुण्याचे धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला कारखाना उभा केला, तेव्हा शेतकऱ्याकडे पैसा थोडा होता आणि एकमेकांवरचा भरवसा जास्त होता. संघालाही तेच भांडवल लागते. फरक इतकाच की इथे शेअर रुपयांचा नसून तासांचा असतो.

खो-खोचा खेळच बघा. आठ गडी बसलेले, एक पळणारा. पाठलाग करणाऱ्याला आल्या पावली मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडेही जाता येत नाही. अडला की शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारून त्याला उठवायचे आणि आपण त्याच्या जागी बसायचे. जो वेळेवर खो देत नाही तो कितीही चपळ असला तरी संघाला बुडवतो.

हे आम्ही कुणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही, आमची चूक कबूल करण्यासाठी लिहितो. शिक्षण आटोपून गावी आलो, बहात्तरचा दुष्काळ सरला, आणि १९७४ साली आम्ही आठ जणांनी गावात संघ काढला. गावठाणालगतची पडीक जागा बैलांनी फळी मारून सपाट केली. बाभळीचे खांब केले. एकोणीस वर्षे तो संघ चालला. तालुक्यात नाव झाले, काही पोरे पोलिसात लागली, दोघे बँकेत लागले. पण कुलूप आमच्याच हातात राहिले. आम्हाला वाटायचे, आमच्याशिवाय चालायचे नाही. आणि खरोखरच आमच्याशिवाय चालले नाही! १९९३ साली पाठीच्या दुखण्याने आम्ही सहा महिने अंथरुणाला खिळलो. उठून पाहतो तो मैदानात आठवड्याचा बाजार आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. दोष बाजाराचा नाही, ट्रॉल्यांचाही नाही. आम्ही वेळेवर खो दिला नाही.

लागण आपण हौसेने करतो आणि खोडव्याकडे दुर्लक्ष करतो. पाचट जाळायचे, पाणी दिले तर दिले, आणि मग उतारा घटला म्हणून रडायचे. आमच्या संघाचा खोडवा असाच गेला.

दुसरी चूक याहून मोठी. आमच्या संघात मुली नव्हत्या. कुणी मनाई केली नव्हती, पण सराव दिवेलागणीला ठेवला, आडोसा नाही, पाण्याची सोय नाही, मग मुली येणार कशा? आमची धाकटी लेक शाळेत सगळ्यांच्या पुढे पळायची. तिने एकदा विचारले, "दादा, मी येऊ का मैदानात?" आम्ही म्हणालो, "बघू." ते बघणे राहूनच गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. प्रियांकाच्या हातात चषक दिसला तेव्हा लेकीचा फोन आला. ती फक्त म्हणाली, "दादा, बघितलं का?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

म्हणून सभेपुढे आमच्या चार सूचना आहेत.

पहिली, प्रत्येक गट ऑफिसजवळ कारखान्याने एक मैदान राखावे. जागा लहान असली तरी चालेल, पण तिथे पाणी, दिवा आणि मुलींसाठी आडोशाची खोली पाहिजे. त्या जागेचा दुसरा वापर सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय करू नये.

दुसरी, शारीरिक शिक्षण घेतलेले मार्गदर्शक, निदान एक स्त्री आणि एक पुरुष, मानधनावर नेमावेत. त्यांनी आळीपाळीने गटात फिरावे. रोजचे काम मात्र गावच्या माणसांनी करावे. संघाच्या चालकांनी दर तीन वर्षांनी बदलावे आणि किल्ली निदान तिघांकडे असावी. हे कलम आम्ही आमच्या अनुभवावरून घालत आहोत.

तिसरी, गळीत हंगामात आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांची मुले कोप्यांभोवती दिवस काढतात. मैदान त्यांनाही उघडे पाहिजे. चार-पाच महिने का होईना, ती मुले हजेरीच्या वहीत आली पाहिजेत. आपला ऊस तोडणाऱ्याच्या पोराला आपल्या मैदानाबाहेर उभे राहून बघावे लागले तर त्या मैदानाला सहकाराचे नाव देऊ नये.

चौथी, मैदानाला कुणा पुढाऱ्याचे नाव नको आणि फलकावर फोटो नको. त्या जागी जमाखर्च लावावा.

हे सगळे तीन वर्षे चालू द्या. मग खुशाल स्पर्धा भरवा, मोठे बक्षीस ठेवा, आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू. तेव्हा निदान एक संघ तरी आपल्या शिवारातला असेल. नाहीतर बाहेरचे संघ येतील, बक्षीस घेऊन जातील आणि सकाळी आपल्याला मंडप सोडायचे काम राहील.

आम्हाला पंच्याहत्तरी गाठली. पळता येत नाही, पण कुलूप काढता येते. आमच्या गटात मैदान झाले तर पहिले वर्षभर संध्याकाळी साडेपाचला तिथे येऊन बसण्याचे आम्ही लिहून देतो. एक किल्ली आमच्याकडे द्या. उरलेल्या दोन किल्ल्या कोण घेणार ते सभेत सांगा, आणि त्यातली एक एखाद्या मुलीने मागितली तर "बघू" म्हणू नका.



एक जुना सभासद