लिस्बनची तटबंदी आणि बेळगावची छावणी

१९७४ साली युरोपच्या दोन टोकांवरील दोन हुकूमशाह्या तीन महिन्यांच्या आत कोसळल्या. २५ एप्रिलला लिस्बनमध्ये सैन्यातील तरुण कप्तानांनी पोर्तुगालची अठ्ठेचाळीस वर्षांची राजवट एका दिवसात मोडीत काढली. २३ जुलैला अथेन्समधील लष्करशहांनी आपण होऊन मुलकी पुढाऱ्यांना बोलावून राज्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. सीमाभागातील वाचकाला अथेन्स फार दूरचे वाटेल, आणि ते साहजिकच आहे. लिस्बनचे तसे नाही. त्या तटबंदीला पडलेल्या पहिल्या मोठ्या तड्याचा संबंध थेट बेळगावच्या छावणीशी पोहोचतो. मात्र असे तडे कसे जातात हे ग्रीसच्या आटोपशीर कथेत अधिक स्पष्ट दिसते, म्हणून प्रथम तिचा विचार करू.

२१ एप्रिल १९६७ च्या पहाटे कर्नल पापादोपुलोस व त्यांच्या साथीदारांनी निवडणुका तोंडावर असताना रणगाडे रस्त्यावर आणले. निमित्त नेहमीचेच : कम्युनिस्टांपासून देश वाचवायचा. पुढे सहा वर्षे तुरुंग, छळ आणि वृत्तपत्रांवर पहारा. १९७३ च्या नोव्हेंबरात पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांवर रणगाडा घातला गेला, तरीही राजवट पडली नाही. पापादोपुलोस जाऊन त्यांच्याहून कठोर असा योआनिदिस आला, एवढेच. ती पडली सायप्रसमुळे. १५ जुलै १९७४ रोजी योआनिदिसने त्या बेटावर मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडवले, पाचव्या दिवशी तुर्की फौजा तेथे उतरल्या, आणि ग्रीक सैन्याला लामबंदीचा हुकूम सुटला. सात वर्षे राजकारणात रमलेल्या त्या सैन्यात युद्धाची तयारी नव्हती. ज्या सेनापतींच्या नावाने राज्य चालले होते, त्यांनीच ते चालवण्यास नकार दिला. पॅरिसहून करामानलिस परतले आणि खेळ संपला.

पोर्तुगालची कथा लांबलचक आहे. २८ मे १९२६ च्या लष्करी बंडाने तेथील प्रजासत्ताक बुडाले. १९२८ मध्ये सेनापतींनी तिजोरी सावरायला कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक सालाझार यांना बोलावले, आणि १९३२ मध्ये तेच पंतप्रधान झाले. तिजोरी सावरायला आलेला कारकून वाड्याचा धनी होऊन बसावा, तसाच हा प्रकार. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीय माणूस आपल्याच भूमीत दुय्यम ठरला. गोव्यात सभेला बंदी होती, वृत्तपत्राचा मजकूर आधी सरकारी नजरेखालून जाई, आणि लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागे.

अशा गोव्याला श्वास घेण्यासाठी घाटावरची भूमी होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. लोहियांनी मडगावात ठिणगी टाकली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नॅशनल काँग्रेस (गोवा) स्थापन झाली ती खानापूर तालुक्यातील लोंढ्यास, कारण गोव्यात तिला जागा मिळणे शक्य नव्हते. १९५५ च्या सत्याग्रहाच्या काळात मिरजेकडून रेल्वेने वा निपाणीवरून सडकेने येणारे सत्याग्रही बेळगावास उतरत आणि पुढे सरहद्दीकडे निघत. त्या वर्षी १५ ऑगस्टला नि:शस्त्र माणसांवर पोर्तुगीज गोळ्या चालल्या, आणि भारत सरकारने सरहद्द आवळली. कॅसलरॉकच्या पलीकडे जाणारी गाडी थांबली. बेळगावची भाजी ज्यांच्या पाटात रोज पडे, त्यांना बटाटा हॉलंडहून येऊ लागला. सरहद्दीच्या रानात मात्र वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचे गुप्त नभोवाणी केंद्र आधी आंबोलीहून, मग कॅसलरॉकहून, १९६१ पर्यंत पोर्तुगीज बातम्यांचे खंडन करीत राहिले.

डिसेंबर १९६१ च्या आरंभी बेळगावचे रूपच पालटले. गाड्यांमागून गाड्या भरून सैन्य उतरू लागले. मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनचा तळ येथे पडला, सांबऱ्याच्या धावपट्टीवर हंटर विमाने उभी राहिली. पणजीला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांच्यापाशी चार हजारांच्या आतबाहेर शिबंदी होती, आणि लढाऊ विमान एकही नव्हते. त्यांनी गुप्त संकेताने दारूगोळा मागितला असता लिस्बनहून खरोखरच मांसाच्या पेट्या आल्या, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, ती त्या राजवटीला शोभते. सालाझार यांचा हुकूम मात्र स्वच्छ होता : आठ दिवस तरी लढा, शरणागती नाही, जिंका किंवा मरा. १८ तारखेच्या पहाटे सांबऱ्याहून उडालेल्या विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले, अनमोड घाटातून फौजा खाली उतरल्या, आणि १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नरांनी शरणपत्रावर सही केली. हजारो माणसांचे व्यर्थ बळी त्यांनी टाळले.

यानंतर जे घडले त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. बंदी झालेले पोर्तुगीज सैनिक १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी पोहोचले, तेव्हा त्यांच्या स्वागताला फुले नव्हती, लष्करी पोलिसांच्या बंदुका होत्या. १९६३ मध्ये व्हासालो इ सिल्व्हा व आणखी काही अधिकारी सैन्यातून बडतर्फ झाले. धन्याच्या हट्टाची किंमत चाकराने मोजायची, हा धडा प्रत्येक पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्या दिवशी वाचला. तोवर अंगोलात बंड पेटले होतेच. मग गिनी, मग मोझांबिक. जिंकता न येणारी तीन युद्धे, आणि हरल्यास गोव्यातील अधिकाऱ्यांसारखी बेअब्रू! १९७३ साली कप्तानांनी गुप्त बैठका सुरू केल्या त्या आरंभी बढत्यांच्या तक्रारीवरून, हे खरे. पण तक्रारीचे बंड व्हायला आधीचे सरपण लागते, आणि त्यात गोव्याचे लाकूड होते. सालाझार १९६८ साली अंथरुणाला खिळले आणि दोन वर्षांनी वारले. पदावरून दूर केल्याचे त्यांना कोणी सांगितलेही नव्हते. खाली कोसळले ते त्यांचे वारस काएतानो.

हे सारे उगाळण्याचे कारण असे की, गोव्यात आणि घाटावरही अधूनमधून कोणी ज्येष्ठ गृहस्थ उसासा टाकून म्हणतात, "पोर्तुगिजांच्या वेळी शिस्त होती हो, दाराला कडी लागत नसे." कडी लागत नसेल. परंतु ज्या पोर्तुगालची ही शिस्त, तेथूनच साठच्या दशकात लाखो माणसे पोटासाठी फ्रान्सला पळाली, हे या गृहस्थांना कोणी तरी सांगावे. शिस्तीची ही ओढ आम्हांला परकी नाही. लिस्बन मुक्त झाल्याला चौदा महिने आणि अथेन्स मुक्त झाल्याला जेमतेम अकरा महिने झाले होते, तोच २५ जून १९७५ रोजी आपल्याकडे आणीबाणी आली आणि गाड्या वेळेवर धावत असल्याचे कौतुक सुरू झाले. १९५५ मध्ये सालाझारच्या पोलिसांनी ज्यांना बेदम मारले आणि ज्यांना बारा वर्षांची सजा झाली, ते मधु लिमये १९७५ मध्ये स्वदेशी सरकारच्या तुरुंगात होते. आपली सुटका १९७७ साली मतपेटीतून झाली, कप्तानांची वाट पाहावी लागली नाही; हा फरक मोठा आहे, आणि तो आपोआप टिकणारा नाही.

लिस्बनच्या नव्या राजवटीने व्हासालो इ सिल्व्हा यांचा हुद्दा परत केला. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भारताच्या वतीने सही करणारे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण हे गोवा मुक्त झाला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्यासमोर पोर्तुगालच्या वतीने बसलेले मारियो सोआरेश यांना सालाझारने १९६८ मध्ये साओ तोमे बेटावर हद्दपार केले होते.