पत्त्यावर नसलेली गावे

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस पांढुर्ण्यात आणि सौंसरमध्ये रद्दीवाल्याची हातगाडी गल्लोगल्ली फिरू लागते. जुनी वर्तमानपत्रे, भरलेल्या वह्या, मोडक्या बादल्या तिच्यावर चढतात आणि त्यांच्यासोबत एखादा बिस्किटांचा पत्र्याचा डबाही चढतो. त्या डब्यात खेळाडूंचे पत्ते असतात. कोणी ते शाळेच्या मधल्या सुट्टीत जिंकलेले असतात, कोणी खाऊचे पैसे वाचवून घेतलेले. घरातील थोरांच्या लेखी तो कचरा असतो. आणि डब्याचा मालक दहा-बारा वर्षांचा असल्यामुळे त्याचे मत विचारण्याची पद्धत नाही.

आम्ही त्या डब्याच्या बाजूने उभे आहोत, हे आरंभीच सांगतो. साहित्याच्या त्रैमासिकात पोरांच्या पत्त्यांचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आमचे म्हणणे इतकेच की ज्या कागदावर माणसाचे नाव, त्याचे गाव आणि त्याने केलेले काम छापलेले आहे, तो कागद आमच्या कक्षेबाहेरचा नाही. किंबहुना आमच्या संस्थेने आजवर त्याच्याकडे पाहिले नाही, हीच आमची पहिली तक्रार आहे, आणि ती आमच्याविरुद्धच आहे.

हे पत्ते मूळचे मुलांसाठी नव्हतेच. सिगारेटचे पाकीट चुरगळू नये म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालीत. तो कोरा का ठेवायचा, म्हणून त्यावर चित्रे छापली जाऊ लागली. इंग्लंडमधील विल्स कंपनीने १८९६ मध्ये पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंचा जो मोठा संच निघाला, त्यातील पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचा पत्ता त्याच्याच हरकतीमुळे थोडक्यात थांबला. मुलांनी त्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होते, असे काही म्हणतात. त्याला मोबदला हवा होता, असे दुसरे म्हणतात. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली आणि १९५२ मध्ये टॉप्स कंपनीने काढलेल्या संचापासून हा छंद तिकडच्या घरोघरी शिरला.

या साऱ्या पत्त्यांवर खेळाडूच्या नावासोबत एका गावाचे नाव असते. पिट्सबर्गचा मुलगा पिट्सबर्गचे पत्ते आधी शोधतो. याहून बोलके उदाहरण ग्रीन बे या गावाचे आहे. विस्कॉन्सिन राज्यातील हे गाव जेमतेम एक लाख वस्तीचे. पण अमेरिकी फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत त्याचा स्वतःचा संघ आहे. १९१९ मध्ये तो उभा राहिला तेव्हा मांस डबाबंद करणाऱ्या गावातीलच एका कंपनीने पोशाखासाठी पैसे दिले, म्हणून संघाचे नाव पडले पॅकर्स, म्हणजे माल बांधणारे. १९२३ पासून तो भागधारकांच्या मालकीचा आहे. आज पाच लाखांवर लोकांकडे त्याचे भाग आहेत आणि त्यांवर कोणालाही लाभांश मिळत नाही. संत्र्यांच्या पेट्या बांधण्यात ज्यांचे हिवाळे जातात त्या आमच्या गावांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. माल बांधणाऱ्यांच्या गावाचे नाव तिथे पत्त्यावर छापले जाते. आमच्या गावाचे का छापले जात नाही?

आमच्याकडे छंद नव्हता असे कोणी म्हणू नये. माचिसच्या डब्यांवरची चित्रे जमवणारी पिढी अजून हयात आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिग फन च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळत. त्यांवर धावा आणि बळी लिहिलेले असत आणि त्यांच्या बेरजा करता करता अनेकांचे गणित सुधारले. १९९९ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटानियाच्या बिस्किटांच्या वेष्टनांवरील धावा जमवण्यासाठी मुलांनी घरच्यांना नको इतकी बिस्किटे खायला लावली. २०१० नंतर टॉप्सनेच आयपीएलच्या खेळाडूंचे पत्ते आपल्याकडे आणले. मुलांनी तेही जमवले. मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, सगळी शहरे डब्यात आली. आमच्या भागाच्या वाट्याला त्यात काही आले नाही, कारण आयपीएलमध्ये ना विदर्भाचा संघ आहे ना मध्यप्रदेशाचा. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तिथेही तेच. कबड्डी तर आमच्या मातीतला खेळ. पण त्या स्पर्धेतही आमच्या मुलाला मुंबई किंवा पुणे यांपैकी एक उसने घ्यावे लागते.

वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी संघात गेला. विदर्भाकडून खेळून तिथवर पोचलेला तो पहिला. आयपीएलमध्ये तो दिल्ली, कोलकाता, बंगळूर अशा संघांच्या पोशाखांत दिसला. विदर्भाच्या पोशाखातील त्याचा पत्ता आमच्या मुलांच्या डब्यात कधी आला नाही. वलनी आमच्यापासून काही तासांवर आहे. तरी आमच्या मुलाने त्याला परगावचा म्हणून ओळखले.

कोणी विचारील, तुमचा संघ तरी कोणता? तुम्ही मध्यप्रदेशाचे की विदर्भाचे? हा प्रश्न आम्हांला १९५६ पासून या ना त्या रूपात विचारला जात आहे. राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर; इंदूर त्याच्या तिपटीहून दूर. बोलायची भाषा एक, कचेरीची दुसरी.

खेळाचा इतिहास मात्र या प्रश्नाला फारच सोपे उत्तर देतो. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपुरात जन्मले. आमची गावे ज्यात होती त्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या संघाकडून ते खेळले, आणि पुढे इंदूरच्या होळकर संघाला त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. त्यांना सीमेने अडवले नाही. विदर्भाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो १ जानेवारी २०१८ रोजी, दिल्लीला हरवून, आणि तो सामना झाला इंदूरच्या होळकर मैदानावर. पुढल्या हंगामात विदर्भाने तो नागपुरात राखला आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पुन्हा मिळवला. मध्यप्रदेशाने जून २०२२ मध्ये मुंबईला हरवून आपला पहिला करंडक घेतला. विदर्भाचे पहिले दोन्ही करंडक आणि मध्यप्रदेशाचा हा करंडक, या तिन्ही वेळी प्रशिक्षक एकच होते : चंद्रकांत पंडित. म्हणजे आम्हांला एक सोडून दोन संघ आपले म्हणता येतात. एवढी श्रीमंती असताना आमच्या मुलाच्या डब्यात दोहोंपैकी एकाचाही पत्ता नसावा, याची खंत आमच्या एकाही सभेत कोणी बोलून दाखवलेली आम्हांला आठवत नाही.

पण आमचे खरे दुखणे रणजी करंडकाच्याही अलीकडे आहे. हिवाळ्यात आमच्या गावोगावी कबड्डीचे सामने होतात. रात्री दिव्यांच्या माळा लागतात, माणसे घरांच्या छतांवर बसतात. या सामन्यांचे फलक वाचकांनी पाहिले असतीलच. मैदानाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या त्या फलकावर वीस-पंचवीस चेहरे असतात : भैयाजी, दादाजी, त्यांचे चिरंजीव, त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे कार्यकर्ते. त्या गर्दीत ज्याच्या चढाईवर सामना फिरला त्या पोराचा चेहरा शोधून दाखवावा. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून रात्रभर घुमते आणि सकाळी मंडप उतरला की तेही उतरते. पाच वर्षांनी तो पोर नागपूरच्या एखाद्या कारखान्यात कामाला लागलेला असतो. तो कोणत्या जागी खेळत होता आणि त्या साली त्याच्या मंडळाने कोणाला हरवले, हे सांगणारा कागदाचा एक कपटाही गावात उरत नाही. फलकावरचे भैयाजी मात्र गोठ्याच्या छपरावर, पावसापासून कडबा राखत, आणखी दोन-तीन वर्षे हसत राहतात.

बाहेरच्या जगाने आमचे चित्र जमवलेच नाही असे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी सगळे कॅमेरे येतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नदीत रोवलेला पळस, दोन्ही काठांवरची गर्दी, उडणारे दगड, फुटलेली डोकी : दर वर्षी तेच चित्र देशभर छापले जाते. गोटमारीच्या बऱ्यावाईटाचा वाद आम्ही येथे काढीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी एकाच दिवसाचे आमचे चित्र जगाच्या संग्रहात आहे, आणि त्यात आमचा तरुण हातात दगड घेतलेला आहे. तोच तरुण उरलेल्या दिवसांत पकड करतो, झेल घेतो, शर्यत धावतो. ते चित्र काढणे बाहेरच्यांचे काम नव्हते. ते आमचे होते. आम्ही ते केले नाही.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. हा छंद पैशाचा खेळ आहे, असे म्हणतात. ते खोटे नाही. वॅग्नरचा एक पत्ता २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरांना गेला आणि त्याच वर्षी १९५२ च्या संचातील मिकी मँटलचा पत्ता एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना. बंद पाकिटात काय निघेल याच्या आशेवर मुलाला पुन्हा पुन्हा पाकीट घ्यायला लावणे ही सोडतच आहे, आणि ज्या घरात खाऊचे पैसे मोजून मिळतात तेथे ती क्रूर आहे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत लोकांनी हे पत्ते गुंतवणूक म्हणून घेतले. कंपन्यांनी ते इतके छापले की पुढे त्यांना कोणी विचारेना. हा सगळा दोष आम्ही मान्य करतो. पण हा दोष विक्रीचा आहे. जपण्याच्या वृत्तीवर तो लादण्याचे कारण नाही. टॉप्सचे अधिकारी साय बर्जर यांनीच पुढे सांगितले की १९५२ च्या संचाचा न खपलेला साठा त्यांनी नावेतून नेऊन अटलांटिक महासागरात बुडवला. छापणाऱ्याने ज्याला रद्दी म्हटले ते मुलांच्या डब्यांनी वाचवले, एवढेच आम्ही त्यातून घेतो.

आणि जपणारा कसा असतो हे पाहायचे तर जेफरसन बर्डिक यांच्याकडे पाहावे. संधिवाताने बोटे वाकडी झालेला हा बेताच्या मिळकतीचा अमेरिकी कामगार. बेसबॉलचे त्यांना फारसे वेडही नव्हते. त्यांचे प्रेम छापील कागदावर. त्यांनी या पत्त्यांची पहिली मोठी सूची तयार केली, प्रत्येक संचाला खूण दिली. त्या खुणा आजही प्रचलित आहेत. तीन लाखांवर पत्ते आणि छापील कागद त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले आणि तिथे वर्षानुवर्षे बसून स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवले. १९६३ मध्ये ते काम संपवले आणि त्याच वर्षी ते वारले. त्या साठ्यातून त्यांनी धन केले नाही. करून ठेवली ती नोंद. आमच्या संस्थेच्या कपाटात अध्यक्षीय भाषणांचे गठ्ठे आहेत. गावातील एका कबड्डी संघाचीही यादी त्यात नाही.

मराठी शाळांचे वर्ग रोडावल्याचे दुःख आम्ही याच पृष्ठांवर अनेकदा मांडले आहे. ते खरे आहे. पण मुलाने मराठी वाचावे असे वाटत असेल तर त्याच्या हाती आपण काय देतो, हेही एकदा पाहावे. मूल पत्त्याच्या पाठीवरचा मजकूर कोणी न सांगता वाचते, पाठ करते, दुसऱ्याला वाचून दाखवते. हा वाचक आमच्या दारात उभा आहे आणि आम्ही त्याचा डबा रद्दीत घालीत आहोत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. लग्नपत्रिका जिथे छापतो त्याच छापखान्यात गावच्या संघाचे पत्ते छापता येतात. एका बाजूला खेळाडूचे छायाचित्र. दुसऱ्या बाजूला नाव, गाव, मंडळ, साल आणि जागा : चढाईपटू, डावा कोपरारक्षक, उजवा मध्यरक्षक. आधी मराठीत, खाली हिंदीत, कारण दोन्ही आमच्याच आहेत. मुलींच्या संघांचेही तसेच. खेळाडू लहान असेल तर आईवडिलांची संमती घ्यावी. बंद पाकीट नको. पूर्ण संच उघडा द्यावा. पत्त्यावर पुढाऱ्याचा चेहरा असू नये, मग त्याने छपाईचा सगळा खर्च का दिलेला असेना. आणि प्रत्येक संचाची एक प्रत वाचनालयात, साल घालून, कुलपात ठेवावी. यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही. एका फलकाचे पैसे पुरतील.

मराठीत पत्ता या शब्दाचे दोन अर्थ आहेत. खेळायचा तो एक, आणि माणूस कुठे सापडेल हे सांगणारा दुसरा. आमच्या खेळाडूंना दोन्ही नाहीत. येत्या हिवाळ्यातील पहिल्या सामन्याआधी निदान एका मंडळाने त्यांना ते द्यावे. आणि तोवर, या दिवाळीत, रद्दीवाला दारात आला की तो पत्र्याचा डबा तेवढा मागे ठेवावा. त्यात अजून जागा आहे.