पायवाट सर्वांची, पण आधी पाड्याची

मुंबई म्हटली की गर्दीच डोळ्यांपुढे येते. पण बोरिवली आणि मुलुंडच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान उभे आहे. १८६०चा विहार आणि १८७९चा तुळशी तलाव याच डोंगरांच्या पाण्यावर भरतात. कान्हेरीला झुंबड उडते. शिलोंड्याच्या वाटेला मात्र फारसे कोणी फिरकत नाही. जायचे तर वनखात्याची परवानगी अन् वाटाड्या हवाच.

कारण रानवाट एकट्या हौशी फिरस्त्याची नसते. पाड्यांवरची वारली माणसे रानवाटांनीच ये-जा करतात आणि अंधार पडला की बिबट्याही तीच वाट धरतो.

आपल्या गावालगतही असे रान असेल, तर उद्या शहरचे पाहुणे तिथेही येतील. सरपंच-ग्रामसेवकांनी आजच ग्रामसभेत ठरवावे : कोणती वाट खुली, कोणती बंद, वाटाड्या कोण, कचरा कोण उचलणार? २००६च्या वनहक्क कायद्याने वनहक्कधारक गावांच्या ग्रामसभांना रान राखण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरा. नाहीतर फाटकावर पावती दुसराच कोणी फाडील अन् गावकरी आपल्याच वाटेवर पाहुणा ठरेल!